काटा, पाणी आणि पेज : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे

वजन घटवण्यासाठी केल्या जाणाऱ्या जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा-आठ आठवडे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत दोन-चार परिच्छेदांत आटोपतात. रुग्णाच्या घरात मात्र हाच काळ सर्वांत लांबतो, कारण त्या दिवसांत घरातले प्रत्येक जण काट्याकडे डोळे लावून बसलेले असते आणि काटा कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे चालत नाही. तो एका आठवड्यात पाच किलो खाली येतो, पुढच्या आठवड्यात दीड किलो, तिसऱ्या आठवड्यात जागचा हलत नाही आणि मध्येच एखाद्या सकाळी आठशे ग्रॅमनी वर चढलेला दिसतो. एवढा खर्च करून, एवढी धास्ती घेऊन आणि पोटावर चार-पाच छिद्रे पाडून घेऊनही वजन वाढतेच आहे, या समजुतीने रुग्ण खचतो. उलट ज्या आठवड्यात वजन झरझर उतरते त्या आठवड्यात घरात समाधान पसरते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की निदान पहिल्या सहा आठवड्यांपुरती ही चिंता आणि हे समाधान या दोहोंच्या जागा चुकलेल्या असतात : या काळातील किरकोळ वाढ बहुधा निरुपद्रवी असते आणि धोका असलाच तर तो फार वेगाने होणाऱ्या घटीत असतो. मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारपट्टीवर, जिथे शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद बहुधा दूरच्या शहरात असतो आणि आजारपणातला आधार म्हणून पेजेची वाटी हाताशी असते, तिथे या प्रतिपादनाचा अर्थ थोडा अधिक तपशिलाने पाहावा लागतो.

ही शस्त्रक्रिया मुख्यतः दोन प्रकारची असते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा फुगीर भाग, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश जठर, कापून काढतात आणि उरलेल्या भागाची एक अरुंद नळी राहते. बायपास या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावतील एवढी छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा पहिला टप्पा टाळून पुढे जाते. आतड्यातून बगल देण्याचे प्रयोग अमेरिकेत १९५४ पासून होत होते आणि एडवर्ड मेसन यांनी आयोवा विद्यापीठात १९६० च्या दशकात जठराच्या बायपासचा पाया घातला. आज मात्र ही कामे पोट न उघडता दुर्बिणीतून होतात आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. जठर लहान झाल्यामुळे माणूस कमी खातो, ही झाली ढोबळ समजूत. जठराच्या वरच्या फुगीर भागातून घ्रेलिन नावाचे भूक चेतवणारे संप्रेरक स्रवते, त्याचा शोध जपानमध्ये १९९९ साली लागला आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जात असल्याने भूकच मंदावते. शिवाय आतड्यातून स्रवणाऱ्या इतर संप्रेरकांचे गणित बदलल्यामुळे मधुमेहींची साखर वजन उतरण्याची वाट न पाहता काही दिवसांतच खाली येते. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

शस्त्रक्रिया कोणाला सुचवायची हे ठरवण्यासाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, वापरतात. अमेरिकेत १९९१ साली ठरलेली मर्यादा ४०, आणि मधुमेह वा रक्तदाबासारखा जोडआजार असल्यास ३५, अशी होती. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ती अनुक्रमे ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ती आणखी सैल केली. भारतीयांसाठी वेगळी मर्यादा का, याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले होते, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. निर्देशांक सारखा आणि चरबी दुपटीहून अधिक. काट्यावरचा आकडा शरीरात काय भरले आहे हे सांगत नाही, ही गोष्ट मराठी वाचकाला इतक्या जवळच्या उदाहरणातून क्वचितच कळली असेल, आणि पुढील सर्व विवेचन याच एका गोष्टीवर उभे आहे.

काटा काय मोजतो? हाडे, स्नायू, चरबी, आतड्यातील मळ, मूत्राशयातील मूत्र आणि या सर्वांहून अधिक भार असलेले पाणी, यांची एकत्रित बेरीज. यांपैकी चरबी दिवसागणिक फार तर दोन-अडीचशे ग्रॅमनी हलते, पाणी मात्र एका दिवसात दोन किलोंनीही हलू शकते. पादुआचे वैद्य सांक्तोरियस यांनी एका तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे स्वतःचे वजन, खाल्लेल्या अन्नाचे वजन आणि मलमूत्राचे वजन मोजले आणि १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले, की पोटात गेलेल्या अन्नपाण्याचा मोठा भाग डोळ्यांना न दिसता त्वचेतून आणि श्वासातून निघून जातो. चारशे वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आजही घरोघरीच्या डिजिटल काट्यापुढे उभे राहणाऱ्यांना ठाऊक नसतो, कारण काटा दशांश चिन्हापुढचा आकडा दाखवू लागल्यापासून त्याच्या अचूकतेवरचा विश्वास वाढला आणि तो नेमके काय मोजतो हा प्रश्न मागे पडला.

शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांचा हिशेब आता मांडता येतो. ११० किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीराला दिवसाकाठी साधारण २,२०० कॅलरी लागतात असे धरले आणि पहिल्या आठवड्यांत तिच्या पोटात सुमारे ७०० कॅलरी जातात असे मानले, तर रोज १,५०० कॅलरींची तूट पडते. एक किलो शारीरिक चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे सगळी तूट चरबीतून भरून निघाली तरी आठवड्याला दीड किलोच्या आतच घट व्हायला हवी. मग पहिल्या आठवड्यात पाच किलो कुठून उतरतात? त्यांतील मोठा वाटा पाण्याचा असतो. यकृत आणि स्नायू यांत ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा असतो, तो निरोगी माणसात सुमारे अर्धा किलो भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपासमार सुरू झाली की हा साठा प्रथम जळतो आणि त्याला धरून असलेले पाणी मूत्रावाटे निघून जाते, त्यामुळे चरबीला फारसा हात लागण्याआधीच दोन किलो वजन कमी झालेले दिसते. शस्त्रक्रियेपूर्वी यकृत आकसावे म्हणून बहुतेक केंद्रे दोनेक आठवडे अल्प कॅलरींचा द्रव आहार देतात, त्यामुळे या घसरणीचा एक भाग शस्त्रक्रियेच्या आधीच होऊन गेलेला असतो. ‘मूळ वजन’ कोणत्या तारखेचे धरले हे न पाहता दोन रुग्णांच्या यशाची तुलना करणे म्हणूनच निरर्थक ठरते.

याच्या उलट, शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या रुग्णाचे वजन दाखल होतानाच्या वजनापेक्षा दोन-तीन किलोंनी अधिक भरणे अगदी शक्य असते. शिरेतून दिलेले सलाईन, भूल आणि जखम यांमुळे शरीराने स्रवलेली मीठ व पाणी धरून ठेवणारी संप्रेरके आणि ऊतींची सूज यांचा हा परिणाम असून तो काही दिवसांत ओसरतो. त्यानंतर येते ती जलद घसरण आणि तिच्यामागून येतो तिसऱ्या आठवड्याच्या आसपासचा थांबा. या थांब्याची नोंद जगभरातील रुग्ण आणि आहारतज्ज्ञ करतात. द्रव आहारावरून मऊ अन्नावर येताना पोटात थोडे पिष्ट जाऊ लागते, रिकाम्या झालेल्या ग्लायकोजेनच्या साठ्यात भर पडते आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तिप्पट पाणी घेऊन येतो. आतल्या आत चरबी आठवड्याला दीडेक किलोने घटत असते, तेवढेच पाणी परत भरत असते, आणि काट्यावर शून्य दिसते. हा थांबा एक ते तीन आठवडे टिकू शकतो. त्या मुदतीत आहार आणखी तोडण्याने काहीही साधत नाही, उलट पुढे सांगितलेले धोके वाढतात.

उपासमारीत पाणी चरबीची घट झाकून टाकते, हे मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात फार स्पष्ट दिसले होते. युद्धात भाग घेण्यास नैतिक कारणावरून नकार दिलेल्या या तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले, त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले, परंतु त्यांच्या घोट्यांना सूज आली आणि हाडांवरचे मांस झडत असतानाही काटा कित्येकदा त्याच आकड्यावर रेंगाळला. प्रमाण पुष्कळ वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे.

महाराष्ट्राला या पाण्याचे एक अतिरेकी उदाहरण २०१७ साली वृत्तपत्रांतून पाहायला मिळाले. इजिप्तच्या इमान अहमद यांना त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईत आणले गेले तेव्हा त्यांचे वजन ५०० किलोंच्या आसपास असल्याचे सांगितले जात होते, आणि ७ मार्चला स्लीव्ह शस्त्रक्रिया होण्यापूर्वीच ते सुमारे १०० किलोंनी उतरल्याच्या बातम्या छापून आल्या. वाचकांनी त्या आश्चर्याने वाचल्या. हिशेब फारसा कोणी केला नाही. साडेतीन आठवड्यांत १०० किलो चरबी जाळायची तर दिवसाला ३० हजारांहून अधिक कॅलरींची तूट पडावी लागेल, आणि अंथरुणाला खिळलेले कोणतेही शरीर एवढी ऊर्जा खर्च करू शकत नाही. उतरले ते बव्हंशी साठून राहिलेले पाणी होते. पुढे त्यांच्या वजनाच्या आकड्यांवरूनच नातेवाईक आणि उपचार करणारे यांच्यात जाहीर वाद झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचा मृत्यू झाला. एका दुर्मीळ आजारातील व्यक्तीवरून सामान्य रुग्णाविषयी काही अनुमान काढणे योग्य नाही. मात्र वजनाचा आकडा हाच जेव्हा यशाचा एकमेव पुरावा होऊन बसतो तेव्हा काय घडते, हे त्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिले.

आता किनारपट्टीकडे वळता येईल. पाणी शरीरात राहते ते मिठाच्या बळावर. रुग्णालयातील सलाईनमध्ये एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ असते आणि शरीराच्या पेशींबाहेरील द्रवाची क्षारता साधारण तेवढीच असल्याने ९ ग्रॅम अधिकचे मीठ उत्सर्जित होईपर्यंत सुमारे एक लिटर, म्हणजे एक किलो, पाणी अडवून ठेवू शकते. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ताज्या मासळीच्या जागी त्या दिवसांत सुका बांगडा, सुकट, जवळा आणि मिठात मुरवलेले मासे ताटात येतात, जोडीला उन्हाळ्यात घातलेले लोणचे आणि खारातल्या मिरच्या असतात. मे महिन्यात शस्त्रक्रिया झालेला रुग्ण मऊ अन्नावर येतो तो नेमका याच सुमारास, आणि चवीपुरता चघळलेला खारा बांगडा दुसऱ्या दिवशी काट्यावर पाचसहाशे ग्रॅम होऊन उभा राहतो. ती चरबी नव्हे. तेवढी चरबी साठायला चार हजारांच्या आसपास जादा कॅलरी पोटात जाव्या लागतील, आणि नव्या जठरात त्या मावणेच शक्य नाही. उलट एप्रिल-मे महिन्यांतल्या दमट उकाड्यात, जेव्हा घाम वाळत नाही आणि म्हणून येतच राहतो, एका दुपारीत लिटरभर पाणी निघून जाऊ शकते आणि संध्याकाळचा काटा फसवा दिलासा देतो. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीपूर्वीचे पाणी एक-दोन किलोंची भर घालते. शिवाय चरबी वेगाने वितळू लागली की तिच्यात साठलेली संप्रेरके रक्तात येऊन पाळीचे वेळापत्रकच काही महिने विस्कटते, त्यामुळे ही भर कधी येईल याचा अंदाजही बांधता येत नाही. (याच काळात गर्भधारणेची शक्यता वाढते आणि ती शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष टाळावी असा सर्वमान्य सल्ला आहे, हे नवविवाहितांच्या घरात कोणी मोकळेपणाने सांगत नाही.) लोहाच्या गोळ्या, कमी पाणी आणि तंतूंचा अभाव यांमुळे होणारा बद्धकोष्ठ ही आणखी एक क्षुल्लक, पण काट्यावर स्पष्ट दिसणारी बाब.

या सर्व चढउतारांवर काही उपाय करायचा नसतो, ते केवळ ओळखायचे असतात. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर आणि काही पिण्याआधी, सारख्याच कपड्यांत आणि एकाच काट्यावर घ्यावे. काटा सपाट, कडक फरशीवर असावा. सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर तोच काटा दर वेळी वेगळा आकडा सांगतो. घरचा काटा, आरोग्य केंद्रातला काटा आणि मुंबईच्या रुग्णालयातला काटा यांची एकमेकांशी तुलना करू नये. चार आठवड्यांच्या आकड्यांची सरासरी त्याआधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहिली, तरच चरबीविषयी काही बोलता येते. ज्यांना रोज काट्यावर उभे राहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी घरातल्या दुसऱ्या कोणी तो काटा उचलून माळ्यावर ठेवणे हा उपाय पुस्तकी नसला तरी गुणकारी आहे.

त्याऐवजी काय मोजावे, याचे उत्तर रुग्णाच्या रोजच्या घोटांत आणि घासांत आहे. दिवसाला किमान दीड लिटर द्रव, तोही एका वेळी दोन-तीन घोट असा दिवसभर विभागून, आणि घन अन्न सुरू झाल्यावर जेवणानंतर अर्धा तास न पिता; दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने; दररोज चालणे; आणि ठरवून दिलेली जीवनसत्त्वे, कॅल्शियम व लोह. या चार गोष्टी वहीत लिहिल्या गेल्या तर वजनाची वही न लिहिली तरी चालेल. यांतील प्रथिनांचा प्रश्न कोकणात सर्वांत बिकट होतो, आणि तो होतो पेजेमुळे.

पेज हे या भूमीतले आजाऱ्याचे, बाळंतिणीचे, म्हाताऱ्याचे आणि शेतावरून आलेल्या गड्याचेही अन्न आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर पातळच घ्यायचे असे डॉक्टरांनी सांगितले की घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पेजच येते. पहिल्या दिवसांत पेजेवरची निवळ घोटाघोटाने देण्यास हरकत नसते, कारण तिच्यातून पाणी व चिमूटभर मीठ मिळते. अडचण पुढे सुरू होते. नव्या जठरात एका वेळी जेमतेम अर्धी वाटी मावते, आणि शिजलेल्या भातात शंभर ग्रॅममागे अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, पेजेत त्याहूनही कमी. तेव्हा दिवसभर पेज घेणाऱ्याचे पोट भरते, जीव शांत होतो, काटाही उतरतो, पण जे उतरते त्यात स्नायूंचा वाटा वाढत जातो. स्नायू गेले की हातपाय गळतात, केस गळतात आणि शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च घटून पुढच्या महिन्यांतील घट मंदावते.

यावर परदेशी डब्यांतली पावडर हा एकच तोडगा नाही, जरी पहिल्या पंधरवड्यात तिचा उपयोग नाकारता येणार नाही. ताज्या बांगड्यात शंभर ग्रॅममागे एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिने असतात. काटे काढून, तेल न घालता वाफवलेला आणि बोटांनी कुस्करलेला बांगडा चौथ्या आठवड्यानंतर बहुतेकांना सोसतो. कोरड्या कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणून कुळथाची पातळ पिठी ही पेजेपेक्षा कितीतरी सरस ठरते. ती करताना मिरची-लसणाची फोडणी हलकी ठेवावी आणि शाकाहारी रुग्णाने तिच्या जोडीला दही, ताक व पनीर घ्यावे. अंडे तर सर्वत्र मिळते. श्रावणात मासळी बंद ठेवणाऱ्या घरांत आणि गणेशचतुर्थीच्या दिवसांत हा हिशेब आधीच मांडून ठेवलेला बरा, कारण त्या आठवड्यांत घरात मोदक, घावणे आणि उसळी यांची रेलचेल असते आणि प्रथिने मात्र कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. सोलकढी पातळ असली तरी नारळाच्या रसातील चरबीमुळे ती निव्वळ पाणी नव्हे. शहाळ्याचे पाणी उपयोगी आहे, परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाची काही औषधे असणाऱ्यांनी विचारूनच घ्यावे.

पेजेच्या संदर्भात एक वेगळी गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. कोकणातली पेज पूर्वापार उकड्या तांदळाची असते. भात सालीसकट भिजवून, उकडून, वाळवून मग सडल्याने कोंड्यातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, काही प्रमाणात दाण्यात उतरते आणि पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या मानाने टिकून राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी मलायात काम करणाऱ्या ब्रॅडन या वैद्यांनी १९०७ साली लिहिले, की पॉलिशचा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने मरत असताना त्याच मुलखात उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर त्यातून सुटत होते. त्याआधी जावा बेटावर आयकमन यांनी कोंबड्यांवर केलेल्या निरीक्षणांतून हे सूत्र हाती लागले होते आणि त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेव्हा उकड्या तांदळाचा अभिमान कोकणी माणसाने अवश्य बाळगावा. पण शस्त्रक्रियेनंतरच्या अर्ध्या वाटीत त्या अभिमानाने भागत नाही. शरीरातील थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो आणि सतत उलट्या होणाऱ्या रुग्णात तो भरून काढण्याचा अन्नातला कोणताही मार्ग उरत नाही.

इथे विवेचन घटीच्या धोक्याकडे येते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागते ते बऱ्याचदा शरीर कोरडे पडल्यामुळे. अशा रुग्णाचे वजन रोज किलोकिलोने उतरत असते आणि घरचे खूश असतात. पण मूत्र गडद आणि थोडे होते, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ कोरडी पडते. रक्तदाबासाठी पूर्वीपासून चालू असलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहासाठीच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या हे कोरडेपण वाढवतात. दुसऱ्या गटातल्या गोळ्यांमुळे उपासमारीत रक्त आम्लधर्मी होण्याचाही धोका असतो. साखर काही दिवसांतच उतरते हे वर सांगितलेच आहे, त्यामुळे इन्सुलिन किंवा जुन्या धर्तीच्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत पडू शकते. ‘बंद करायला कोणी सांगितले नाही म्हणून चालू ठेवली’ हे वाक्य उच्चारण्याची वेळ रुग्णावर येता कामा नये, आणि ती जबाबदारी रुग्णाची नसून घरी पाठवणाऱ्या रुग्णालयाची आहे.

काही लक्षणे वजनाच्या सर्व चर्चेच्या पलीकडची आहेत. विश्रांतीतही नाडी मिनिटाला १२० च्या वर असणे, ताप, वाढती पोटदुखी किंवा खांद्यात कळ येणे हे जठराच्या शिवणीतून गळती होत असल्याचे चिन्ह असू शकते. एकाच पोटरीला सूज व दुखणे आणि मग एकाएकी धाप लागणे हे शिरेतील रक्ताची गुठळी फुप्फुसाकडे गेल्याचे. मुंबईहून कोकण रेल्वेने किंवा रात्रीच्या बसने, एका जागी बसून केलेला दहा-बारा तासांचा प्रवास या दुसऱ्या धोक्यात भर घालतो, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पहिल्या आठवड्यात तो करू नये आणि केलाच तर दर तासाला उठून चालावे.

प्रवासाचा प्रश्न सिंधुदुर्गात टाळता येत नाही. जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, ओरोस येथे जिल्हा रुग्णालय उभे राहिले आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले; तरीही गंभीर दुखण्यासाठी गोव्यातल्या बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जाण्याची वहिवाट कायम आहे. वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी तर बहुधा मुंबईच गाठली जाते, कारण तिथे चाकरमान्यांचे घर असते. रुग्ण पहिले दोन आठवडे त्या दोन खोल्यांत काढतो आणि तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे काटा थांबण्याच्या नेमक्या वेळी, गावी परततो. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, आणि पुरुष रोजगारासाठी बाहेर असलेल्या अशा घरांत परतलेली रुग्ण स्त्री असली तर चूल तिच्याचकडे येते. स्वतः चमच्याचमच्याने पिठी घेत ती इतरांसाठी कालवण रांधते. त्यातच अंगणात येणाऱ्या प्रत्येकीचा ‘सुकलंस गो कित्याक?’ हा प्रश्न असतो, आणि पंधरा दिवसांनी तीच शेजारीण ‘आता काय उतरना नाय मा?’ असे विचारते. पहिल्या प्रश्नात काळजी असते, दुसऱ्यातही बहुधा काळजीच असते. परिणाम मात्र असा होतो, की रुग्ण बोलणी टाळण्यासाठी शस्त्रक्रिया झाल्याचेच लपवते आणि मग उलट्या होऊ लागल्या तरी कोणाला सांगत नाही. लठ्ठपणा हा आळसाचा दोष आणि शस्त्रक्रिया ही पळवाट, असे मानणारा समाज या लपवाछपवीला जबाबदार आहे. नितीन गडकरी यांच्यासारख्या सार्वजनिक जीवनातील व्यक्तीने २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचे उघड झाल्याने शहरांत हा संकोच काहीसा कमी झाला, खेडोपाडी तो अजून आहे.

दीर्घ मुदतीचे चित्र पाहिले म्हणजे पहिल्या आठवड्यांतील आकड्यांचे महत्त्व आपोआप उतरते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि हजारो रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात बायपास झालेल्यांची सर्वाधिक घट, म्हणजे मूळ वजनाच्या सरासरी ३२ टक्के, एक-दोन वर्षांनी नोंदली गेली आणि दहा वर्षांनी ती २५ टक्क्यांवर आली. थोडे वजन परत येणे हा तिथेही नियम होता, आणि तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्युदर तशाच इतर लठ्ठ रुग्णांपेक्षा कमी निघाला. दहा वर्षांच्या या रेषेवर तिसऱ्या आठवड्यातले आठशे ग्रॅम शोधूनही सापडणार नाहीत.

गावी परतणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत मराठीत लिहिलेला एक कागद असावा, तो या व्याख्यानात सुचवलेल्या गोष्टींपैकी सर्वांत स्वस्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याने अशी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पूर्वी पाहिलेला असेलच असे नाही, आणि अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे रीतच आहे. आठ-दहा दिवस उलट्या झालेल्या रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोजची बाटली लावली, तर ती साखर पचवण्यात शरीरातले उरलेसुरले थायमिन खर्ची पडते आणि डोळ्यांना दोन-दोन दिसणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी मेंदूची इजा काही तासांत दिसू लागते. ती कायमचीही राहू शकते. त्या कागदावर शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख, शल्यविशारदाचा दूरध्वनी, बंद केलेल्या आणि चालू ठेवलेल्या औषधांची नावे, बायपास असल्यास नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या टाळण्याची सूचना आणि नाकातून जठरात नळी घालण्यापूर्वी विचारण्याची विनंती असावी. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत : उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन.